न पाहिलेल्या झाडाची छाटणी

हडपसरच्या त्या काचेच्या इमारतीत मला नोकरी मिळाली ती माझ्या वनस्पतिशास्त्राच्या पदवीमुळे, आणि त्याचं सगळ्यात जास्त आश्चर्य मलाच वाटलं होतं. यवतमाळहून निघताना मी शाळेत शिकवायची तयारी करून आले होते. पण पुण्यात तेव्हा रोज कुठे ना कुठे नवी आयटी कंपनी उघडत होती आणि मुलाखतीला गेलेला माणूस सहसा हात हलवत परत येत नव्हता. आमची कंपनी परदेशातल्या कंपन्यांच्या गिऱ्हाइकांना ईमेलने उत्तरं द्यायची. माझ्या डावीकडची ओळ प्रिंटरच्या तक्रारी सोडवत असे, उजवीकडची ओळ फोनच्या. मधल्या चार टेबलांवर झाडं होती.

झाडांची कंपनी एका फार थंड देशातली. लोक तिच्याकडून टपालाने रोपं मागवत, ती अंगणात लावत, आणि मग काळजीत पडून लिहीत. संध्याकाळी त्यांनी लिहिलेलं आम्हाला सकाळी आठला मिळे, आणि ते झोपेतून उठायच्या आत आमचं उत्तर गेलेलं असे. त्यामुळे मला रात्रपाळी नव्हती. बाबांची एवढी एकच अट होती.

येणाऱ्या मेलपैकी निम्म्या एकाच झाडाबद्दल असत, पॅनिकल हायड्रेंजिया. आपल्याकडे हायड्रेंजिया म्हटलं की महाबळेश्वरच्या बंगल्यांपुढचे निळे-गुलाबी गोल गेंद आठवतात. हे त्याचं भावंड, पण गेंदाऐवजी लांबट, टोकाकडे निमुळते होत गेलेले पांढरे तुरे येणारं. आणि थंडीला अतिशय चिवट. उणे तीस अंशांत, छातीएवढ्या बर्फात, नुसत्या काटक्या होऊन उभं राहायचं आणि उन्हाळ्यात पुन्हा फुलायचं. माझ्यासमोर त्याची छापील पानं असत. काटकी मेली की जिवंत आहे हे कसं ओळखायचं, तर नखाने साल खरवडा. आत हिरवं दिसलं तर थांबा. हे वाक्य मी दिवसातून दहा-बारा वेळा लिहीत असे. झाड मी कधी पाहिलेलं नव्हतं. उणे तीस तर सोडाच, आमच्या गावाकडे पारा शेहेचाळीसच्या खाली आला तरी लोक हायसं वाटलं म्हणत.

रविवारी एसटीडी बूथवरून घरी फोन करायची, तेव्हा बाबांनी एकदा विचारलं होतं, उणे तीस म्हणजे नक्की काय होतं गं. मी सांगितलं, माती दगडासारखी होते, नळातलं पाणी गोठतं, झाडं वाळक्या काटक्यांसारखी दिसतात पण आतून जिवंत असतात. "आणि माणसं?" बाबांनी विचारलं. माणसं मला मेल पाठवतात, म्हटलं.

मी राहत होते बिबवेवाडीत, एका बसक्या बंगल्याच्या मागच्या खोलीत. घरमालक पाटबंधारे खात्यातून नकाशे काढता काढता निवृत्त झाले होते. त्यांना मी काका म्हणत असे आणि त्यांच्या पत्नीला काकू. काका जन्माने पुण्याचे आणि वाणीनेही. पहिल्याच आठवड्यात मी अंगणात त्यांना विचारलं होतं, "काय करून राहिले काका?" त्यांनी हातातली झारी खाली ठेवली आणि म्हणाले, "करून राहत नाही. करतो आहे." मला वाईट वाटायला हवं होतं, पण काकू दारातून म्हणाल्या, तू काय विचारलंस ते त्यांना बरोबर समजलंय, लक्ष देऊ नकोस. काकू एरवी कमी बोलत. दिवसभर त्यांचे हात चालू असत, स्वयंपाकघरात नाहीतर बागेत. बाग म्हणजे घरापुढे दहा पावलांची जागा, तीत एक जुना चिकू, जास्वंदी, मोगरा, कढीपत्ता आणि भिंतीच्या कडेने कुंड्या.

माझं काम ऐकून काकांना फार गंमत वाटली. न पाहिलेल्या झाडांच्या डॉक्टर, असं ते मला पाहुण्यांसमोर म्हणत. मी हसून सोडून देत असे, पण ते टोचायचंही. कारण खरंच होतं ते.

पुढच्या जानेवारीत शहरात फुलांचं प्रदर्शन भरलं. काका दरवर्षी जात, कुणाचा गुलाब आपल्यापेक्षा लहान आहे हे बघायला. त्या वर्षी येताना त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक रोप आणलं. हिमालयाकडच्या कुठल्या रोपवाटिकेचा गाळा होता म्हणे. रोप कसलं, करंगळीएवढ्या जाडीच्या तीन काटक्या. चिठ्ठीवर इंग्रजीत नाव लिहिलं होतं, तेच, पॅनिकल हायड्रेंजिया. काकांनी ते माझ्या हातात दिलं.

"घ्या. आता आपल्या हाताने जगवून दाखवा."

ते मला तू म्हणत. आपण आणि घ्या आलं की समजावं, परीक्षा सुरू झाली.

मी त्याच जागी उभ्या उभ्या साल खरवडली. आत हिरवं होतं. इतके महिने जे लोकांना लिहून पाठवत होते ते मी तेव्हा पहिल्यांदा केलं, आणि नखाखाली तो ओलसर हिरवा रंग बघून मला विलक्षण आनंद झाला. काकांना तो दाखवला तर ते म्हणाले, कढीपत्त्याचीही साल हिरवीच असते.

पहिलं वर्ष त्या रोपाने आम्हाला जेरीला आणलं. फेब्रुवारीत पालवी फुटली, मार्चअखेर तिच्या कडा करपल्या. आमच्या छापील पानांत लिहिलेलं असे की भरपूर ऊन द्या. त्यांच्या भरपूर उन्हाचा आणि आपल्या एप्रिलच्या उन्हाचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे मला कळायला चार पानं जळावी लागली. मग कुंडी चिकूच्या पूर्वेला नेली. तिथे सकाळी दहापर्यंत ऊन, नंतर सावली. काकूंनी कुंडीभोवती गोणपाट गुंडाळलं आणि ते दुपारी एकदा ओलं करायचं ठरवून दिलं. मातीवर नारळाच्या शेंड्या पसरल्या. मग पानं पिवळी पडू लागली, शिरा तेवढ्या हिरव्या. ते मात्र मला कॉलेजमुळे माहीत होतं. बोअरच्या पाण्याने कुंडीच्या काठावर पांढरे डाग धरले होते. त्या क्षारांमुळे मुळांना लोह घेता येत नव्हतं. सकाळी तासभर येणारं नळाचं पाणी आम्ही त्याच्यासाठी बादलीत भरून ठेवू लागलो. तीन आठवड्यांत नवी पानं हिरवीगार आली. काका त्या पानांकडे बराच वेळ बघत उभे होते. मग टोमणा न मारता झारी उचलून पुढे गेले, म्हणजे मी पास झाले होते.

पावसाळ्यात झाड माझ्या कमरेएवढं झालं, पण फूल नाही. आणि हिवाळ्यात वेगळाच घोळ. त्याला झोपायचं होतं आणि पुण्याची थंडी त्याला झोपू देईना. पानं मळकी, अर्धी पिवळी होऊन तशीच लोंबत राहिली. मी छापील पानं पुन्हा पुन्हा वाचली. बर्फापासून संरक्षण कसं करावं यावर दोन पानं होती, बर्फच नसेल तर काय यावर एक ओळही नव्हती.

तोडगा काकूंनी काढला. काकू तासगावकडच्या, द्राक्षबागायतदारांच्या घरातल्या. लग्न होऊन पुण्यात चाळीस वर्षं झाली होती, पण बाग म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर द्राक्षाचा मांडव येई. संक्रांत झाल्यावर त्या म्हणाल्या, आपण याची पानगळ करून घेऊ. त्यांच्याकडे छाटणीआधी पाणी तोडून वेलीला ताण देत आणि पानं हाताने काढून टाकत. आम्ही पाणी कमी केलं, आणि एका रविवारी दोघींनी बसून एकेक पान देठापासून खुडलं. झाड उघडंबोडकं झालं. प्रदर्शनातून आणलं तेव्हासारखं, फक्त उंच. महिनाभर ते तसंच उभं राहिलं. काकांनी त्याच्याजवळून जाताना "निद्रिस्त आहेत" म्हणायला सुरुवात केली.

त्या फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात ती मेल आली.

सोमवार होता. सोमवारी आमच्या रांगेत दुप्पट मेल असत, कारण तिकडे शनिवार-रविवारी लोक बागेत उतरत. एका गृहस्थाने लिहिलं होतं. वाक्यं लहान लहान, टाइप करायची सवय नसावी अशी. घराच्या पायऱ्यांजवळ त्याच्या बायकोने लावलेलं हायड्रेंजियाचं झाड आहे. दर वर्षी तीच ते छाटते. यंदा तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आहे, हात उचलत नाही, बोलणं अडखळतं. ती खिडकीत बसून झाडाकडे बघत असते. मला यातलं काही येत नाही. कसं कापायचं ते सांगाल का?

मी दोन मिनिटांत उत्तर पाठवलं. पॅनिकलचं पान समोर उघडंच होतं. प्रत्येक फांदीचा दोन तृतीयांश भाग काढा, खाली डोळ्यांच्या, म्हणजे कोंब फुटतात त्या गाठींच्या, दोन जोड्या ठेवा, घाबरू नका, झाड चिवट आहे. खाली नेहमीप्रमाणे बागकाम विभाग, एवढीच सही. आमची नावं कुणाला कळवायची नसत.

दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर होतं. कापलं, आभारी आहे. ती खिडकीतून बघत होती, तिच्या मते मी जरा जास्तच कापलं. बस्स, एवढंच. मी ते तिकीट, म्हणजे त्या तक्रारीची नोंद, बंद करून पुढच्याकडे वळले.

त्याच आठवड्यात महाशिवरात्रीची सुट्टी होती. दुपारी मी आमच्या झाडाची छाटणी करायला घेतली. कात्री काकूंची, आजूबाजूला काका देखरेखीला. मी पहिल्या फांदीवर कात्री लावली तेव्हा काकू म्हणाल्या, थांब.

"याला फूल जुन्या काडीवर येतं की नव्या?"

मी म्हटलं, नव्या फुटीवर, म्हणून तर निर्धास्त कापायचं. काकूंनी मान डोलावली. मग त्या सांगू लागल्या की त्यांच्या माहेरी ऑक्टोबरच्या छाटणीला वडील दुसऱ्या कुणाला कात्री देत नसत. घड काडीच्या डोळ्यात आधीच तयार असतो. एखाद-दोन डोळे खाली कापलं की घड गेला, वर्षभर नुसता पाला. एकदा चुलत्यांनी एक ओळ अशी कापली होती आणि ती ओळ पुढे वर्षभर घरातल्या सगळ्यांना दिसत राहिली. काकू सहसा इतकं बोलत नसत. शेवटी त्यांनी सहज विचारलं, "सगळी हायड्रेंजिया अशीच का? महाबळेश्वरची पण?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. महाबळेश्वरची तशी नसतात. गोल गेंदांच्या हायड्रेंजियाला फूल जुन्या काडीवर येतं. आदल्या वर्षीच त्याच्या डोळ्यांत फूल तयार असतं. ते झाड दोन तृतीयांश कापलं, तर त्या वर्षी त्याला एकही फूल येणार नाही. हे माझ्या छापील पानांत होतं, पॅनिकलच्या पुढच्याच पानावर. आणि त्या गृहस्थाने मेलमध्ये फक्त हायड्रेंजिया लिहिलं होतं. कोणतं, हे त्याने सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

मी कात्री खाली ठेवली. काकांनी विचारलं, काय झालं. मी सगळं सांगितलं. सांगता सांगता त्या बाईची खिडकी मला दिसायला लागली. वर्षभर तिला त्या खिडकीतून नुसता पाला बघावा लागणार होता, आणि तो नवऱ्याच्या हातून झाला असं तिला वाटणार होतं. काका काहीतरी टोमणा मारतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी फक्त म्हटलं, "उद्या जाऊन विचार. कापलेल्या फांद्यांवर गेल्या वर्षीची वाळकी फुलं असतील. गोल की टोकदार, एवढंच विचार." मग आमचं झाड मी छाटलं, पण प्रत्येक फांदीचे डोळे दोनदा मोजून.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचल्या पोचल्या जुनी नोंद काढली. त्या गृहस्थाने आमच्याकडून कधी काही विकत घेतलेलं नव्हतं, त्यामुळे झाड कोणतं हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. मी त्याला लिहिलं. छापील मजकुरातलं काही न घेता लिहिलेली ती माझी पहिली मेल. तुम्हाला उत्तर देण्याआधी मी एक प्रश्न विचारायला हवा होता, तो विचारला नाही, चूक माझी आहे. वाळकी फुलं गोल होती की लांबट? गोल असतील तर यंदा फुलं येणार नाहीत; झाड मात्र मेलेलं नाही, पुढच्या वर्षी फुलेल. तुमच्या पत्नीला हे सांगा, की तुम्ही चुकला नाहीत.

पाठवल्यानंतर मी आमच्या टीम लीडरकडे गेले. पंचविशीतला, पुण्यातच शिकलेला मुलगा, मनाने वाईट नव्हता. त्याने मेल वाचली आणि डोकं धरलं. चूक आमची आहे असं लिहायला कंपनीची सक्त मनाई होती.

"हे बघ, कस्टमरने कम्प्लेंट केली का? नाही ना? मग आपणच इश्यू का क्रिएट करायचा? आता परत लिहू नकोस प्लीज."

मी नाही लिहिलं. पण रोज सकाळी आठला मशीन सुरू केलं की आधी त्याचं उत्तर आलंय का बघत असे. आलं नाही. मार्च गेला, एप्रिल गेला. दोनच गोष्टी शक्य होत्या, एकतर तो चिडला होता, नाहीतर ती बाई गेली होती. दुसरा विचार मनात आला की मी उठून पाणी प्यायला जायची. एरवी दिवसभरात साठ-सत्तर लोकांना मी उत्तरं देत असे, त्यांतला एकही चेहरा माझ्या मनात राहत नसे. याचाही चेहरा मला माहीत नव्हता. पण पायऱ्या, खिडकी, हातात कात्री घेतलेला म्हातारा, एवढं मी इतक्यांदा पाहिलं होतं की ते घर मला ओळखता आलं असतं.

तेवढं मात्र झालं की त्या दिवसापासून हायड्रेंजियाच्या कुठल्याही मेलला मी आधी प्रश्नच पाठवू लागले. तुमच्या झाडाचं फूल कसं दिसतं? माझी दिवसाची उत्तरं कमी झाली आणि दोनदा मला बोलावून विचारलं गेलं. पण लोक फार प्रेमाने सांगत. कुणी लिही, बर्फाच्या गोळ्यासारखं. कुणी लिही, नातवाच्या टोपीसारखं टोकदार. पुढे टीम लीडरनेच तो प्रश्न छापील पानाच्या डोक्यावर घातला, म्हणाला, आफ्टरऑल सेन्सिबल आहे.

इकडे आमच्या झाडाने मार्चमध्ये अकरा धुमारे काढले. या वेळी जागा बदलावी लागली नाही, गोणपाट वेळेवर गुंडाळलं, पाणी नळाचंच. काकूंनी त्यांतले बारीक सहा धुमारे खुडून पाचच ठेवले. द्राक्षाचीच पद्धत. मला ते जड गेलं, पण आता मी त्यांचा हात अडवत नव्हते. मेमध्ये उन्हाने दोनच पानं करपली. जूनमध्ये पाऊस लागला आणि धुमारे दिवसागणिक वाढले. काका सकाळी चहाचा कप घेऊन तिथे उभे राहायचे. ते कधी त्या मेलबद्दल विचारत नसत. फक्त मी संध्याकाळी फाटक उघडलं की माझ्याकडे बघत, आणि मी नाही अशी मान हलवली की पेपरात डोकं घालत.

जुलैच्या अखेरीस सगळ्यात जाड धुमाऱ्याच्या टोकाला हिरवट बारीक मण्यांचा झुपका दिसला. मला आधी वाटलं पानंच आहेत. काकूंनी चष्मा लावला आणि म्हणाल्या, घड आहे. पुढच्या पंधरवड्यात तो लांबला, वीतभर झाला, खालून वर एकेक मणी उघडत गेला. पांढरा, किंचित हिरव्या झाकेचा. जवळ नाक नेलं तर मधासारखा अगदी पुसट वास. छापील पानांतल्या चित्रापुढे तो तुरा कुठेच लागत नव्हता. चित्रात झाड तुऱ्यांनी वाकलेलं असे, आमच्याकडे एक आणि त्याच्यामागे दुसरा छोटा. पण तो माझ्या समोर होता. दोन वर्षं ज्याच्याबद्दल लिहिलं ते मी हातात धरून बघितलं. काकांनी शेजारच्यांना बोलावून दाखवलं आणि माझी ओळख करून दिली ती डॉक्टर म्हणूनच, पण न पाहिलेल्या हे शब्द गाळून.

आणि श्रावणातल्या एका सकाळी मशीन सुरू केलं तर त्या गृहस्थाचं नाव रांगेत सगळ्यात वर.

मी मेल लगेच उघडली नाही. बाटलीतलं पाणी प्यायले. शेजारच्या प्रिंटरवालीने विचारलं, बरं आहे ना? मग उघडली.

त्याने लिहिलं होतं, उशिराबद्दल माफ करा. तुमची दुसरी मेल आली त्याच आठवड्यात बायकोला उपचारासाठी दूरच्या शहरात न्यावं लागलं. तिथे व्यायाम, बोलण्याचे धडे, सगळं मिळून पाच महिने लागले. संगणक घरी, घर बंद. परवा आम्ही परत आलो. ती गाडीतून उतरली आणि काठी घेऊन स्वतःच्या पायांनी पायऱ्यांपर्यंत आली. तिथे झाड फुललेलं होतं. तुरे लांब, टोकदार आहेत, ती छाटते तेव्हा येतात त्यापेक्षाही मोठे. संध्याकाळी मी तुमची मेल उघडली आणि तिला वाचून दाखवली. ती खूप हसली. आजारानंतर तिला इतकं हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मग ती हळूहळू म्हणाली, ते तिचे शब्द जसेच्या तसे देतो:

"मी खिडकीतच बसले होते. मला का नाही विचारलं? हे टोकदारच आहे."

आणि खाली त्याने लिहिलं होतं की हे खरं आहे, तिला बोलता येत नाही असं धरून आम्ही तिला काही विचारायचंच सोडून दिलं होतं. आता विचारतो.

सोबत फोटो होता. पायऱ्या माझ्या मनातल्यापेक्षा कमी होत्या, तीनच. खिडकी मात्र बरोबर त्याच जागी. फोटोत माणसं नव्हती, झाड होतं, आणि ते खरोखरच तुऱ्यांनी वाकलं होतं.

मला रडू आलं नाही. उलट इतकं हलकं वाटलं की खुर्चीत नीट बसवेना. मी उठून टीम लीडरच्या टेबलाशी गेले आणि त्याला मेल दाखवली. त्याने ती शेवटपर्यंत वाचली, मग पुन्हा वरून वाचली आणि म्हणाला, याची प्रिंट काढ, घेऊन जा घरी, मी बघितलं नाही असं समज. त्या काळी रंगीत प्रिंटला परवानगी लागायची. त्याने स्वतः काढून दिली.

त्या गृहस्थाला मी उत्तर लिहिलं. आमच्याकडेही या वर्षी पहिला तुरा आला आहे, वीतभर, एवढंच कळवलं. आमच्याकडे म्हणजे कुठे, ते नियमाप्रमाणे लिहिलं नाही.

संध्याकाळी कंपनीची बस बिबवेवाडीच्या वळणावर थांबली तेव्हा बारीक पाऊस होता. मी छत्री उघडायलाही न थांबता प्रिंट ओढणीखाली पोटाशी धरून घरापर्यंत चालत गेले. काका व्हरांड्यात होते. मी फाटक उघडलं आणि या वेळी मान हलवली नाही, सरळ कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा शोधला, फोटो बघितला, मग मेल वाचायला घेतली. इंग्रजी ते हळू वाचत. मी आत गेले आणि काकूंना पोळ्या लाटता लाटता सगळं मराठीत सांगितलं. बायकोचे शब्द सांगितले तेव्हा काकूंचं लाटणं थांबलं.

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, तव्यावरची पोळी उलटून, "माहीत असणारं माणूस घरातच असतं गं. विचारत कोण नाही."

त्या हे कुणाला म्हणाल्या हे मी विचारलं नाही. काका दारात येऊन उभे होते, कागद हातात. त्यांनी ते ऐकलं असावं. थोडं घुटमळून त्यांनी काकूंना विचारलं, आपल्या झाडाला आता कुंडी पुरायची नाही, जमिनीत लावायचं तर कुठे लावू या. काकूंनी जागा सांगितली. चिकूच्या पूर्वेला, पण दोन हात पुढे, पागोळ्यांचं पाणी पडणार नाही अशी. कधी, तर पाऊस ओसरल्यावर. खड्डा किती, तर गुडघाभर. काकांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकही शब्द न घालता.

ते झाड तिथे सात-आठ वर्षं होतं. कधी तीन तुरे आले, एकदा नऊ. आपल्याकडे रात्री गार पडत नाहीत म्हणून ते तिकडच्यासारखे गुलाबी कधी झाले नाहीत, पांढऱ्याचे एकदम तपकिरी व्हायचे. मी लग्नानंतर हडपसरला फ्लॅटमध्ये गेले तरी छाटणीच्या दिवशी जायची. कात्री काकूंकडे असे.

पण त्या श्रावणातल्या संध्याकाळचं मला जास्त आठवतं ते जेवण. काकूंनी गरम पोळ्यांवर तूप घातलं होतं, अळूचं फदफदं होतं, बाहेर पाऊस. पाच महिने मला जेवताना नीट चव लागत नव्हती हे मला तेव्हाच कळलं. मी पाच पोळ्या खाल्ल्या. काकांनी मोजल्या असणार. त्यांनी फक्त अळूचं पातेलं माझ्याकडे सरकवलं.